एमजीबीत पेट्रोलचा वास: आधी पंपाची टिकटिक ऐका, मग नळ्या बदला

एमजीबी ही एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. सकाळी तिच्या गॅरेजचे दार उघडले की पेट्रोलचा वास येतो, पण गाडीखाली वाकून पाहावे तर फरशी कोरडी ठणठणीत. हे पहिले लक्षण.

दुसरे: गावात गाडी छान चालते, पण मोटरवेला लागून पंधरा-वीस मिनिटे पळवली की मिसिंग सुरू होते, म्हणजे इंजिन अडखळते, अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी उचलत नाही. कडेला दोन मिनिटे उभी केली की पुन्हा नीट निघते. तिसरे: इंजिन बंद आहे, चावी नुसती ऑन आहे, तरी मागून पंपाची टिकटिक थांबत नाही. चौथे: टाकी गच्च भरली त्या दिवशीच वास, अर्ध्यावर आली की गायब. पाचवे: कार्बोरेटरच्या (पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणारा भाग) फ्लोट चेंबरचे, म्हणजे त्यातल्या पेट्रोलच्या छोट्या कप्प्याचे, झाकण काढले की तळाशी मिरपुडीसारखे काळे कण.

आणि सहावे, ज्यात तपासणी करत बसायचे नाही: थेंब पडताना डोळ्यांना दिसतोय. चावी काढा, बॅटरी सोडा, गाडी हलवू नका. याचे कारण पुढे येते.

मी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळ राहतो. माझ्याकडे १९७२ची एमजीबी जीटी आहे. माझी स्वतःची आणि ओळखीपाळखीतल्यांच्या, त्यांत लेस्टरचे दोन मराठी मित्रही आले, अशा डझनभर गाड्यांच्या पेट्रोलच्या नळ्या गेल्या दहा वर्षांत मी बदलल्या आहेत. दरवेळी दोष तोच आणि दरवेळी मालकाने आधी भलतेच काहीतरी बदललेले असते: प्लग, कॉइल, कार्बोरेटरची सर्व्हिसिंग. नळीकडे कोणी पाहत नाही, कारण ती दिसत नाही. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात अॅबिंग्डनला बनली, पाच लाखांहून अधिक. म्हणजे सगळ्यात तरुण गाडीनेही चाळिशी केव्हाच ओलांडली आहे.

पेट्रोल कुठून कुठे जाते

टाकी मागे, डिकीच्या तळाखाली. पंप विजेचा, एसयू कंपनीचा. क्रोम बंपरच्या गाड्यांत तो उजव्या मागच्या चाकाच्या पुढे, चिखल-पाणी झेलत बसलेला असतो, तर काळ्या रबरी बंपरच्या नंतरच्या गाड्यांत त्याचे विजेचे टोक डिकीत आले. पंपापासून गाडीच्या पोटाखालून धातूची लांब नळी पुढे जाते आणि शेवटी रबरी नळीने दोन कार्बोरेटरांना जोडली जाते.

यातून दोन गोष्टी निघतात. टाकी ते पंप हा टप्पा ओढीचा. तिथे नळीला भेग गेली तर पंप चालू असताना पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. फरशी कोरडी राहते आणि गाडी मात्र वेगात दम सोडते, कारण पंप अर्धा वेळ हवाच ढकलत असतो. पंपाच्या पुढचा सगळा टप्पा दाबाचा. तिथे भेग गेली की पेट्रोल बाहेर. हा दाब चार पीएसआयच्या (टायरची हवा ज्यात मोजतात ते एकक) आतला, टायरच्या मानाने किरकोळ, पण झिरपायला पुरेसा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला गरम धूर बाहेर नेणारी लोखंडी नळकांडी) दोन्ही डाव्याच बाजूला, आणि एक्झॉस्ट खाली. कार्बोरेटरच्या नळीतून सुटलेला थेंब थेट तापलेल्या लोखंडाच्या दिशेने पडतो. मध्ये उष्णता अडवणारा पत्रा आहे, पण तो पन्हाळ नव्हे. म्हणून थेंब दिसला की गाडी तिथेच थांबवायची, 'एवढे घरापर्यंत नेतो' म्हणायचे नाही.

वडिलांच्या पद्मिनीत हेच गणित उलटे होते. तिचा पंप यांत्रिक, इंजिनावर बसवलेला, म्हणजे टाकीपासून इंजिनापर्यंतची सगळी नळी ओढीची. कात्रजच्या घाटात गाडी बंद पडली की वडील पंपावर ओले फडके टाकायचे आणि आम्ही कठड्यावर बसून राहायचो. कधी ते उन्हाने पेट्रोलची वाफ झालेली असायची, पण एकदा फडके तीनदा भिजवूनही गाडी चालेना. टाकीजवळची बोटभर रबरी नळी भेगाळलेली निघाली. थेंब एकही नव्हता.

फुकटातल्या तपासण्या

सुरुवात नाकाने आणि कागदाने करा, आणि तीही इंजिन रात्रभर थंड झाल्यावर. पांढरा कोरडा टिश्यू घेऊन प्रत्येक जोड पुसायचा: कार्बोरेटरांची झाकणे, त्यांच्यामधली छोटी नळी, पंपाची दोन्ही तोंडे, टाकीच्या तोंडाची नळी. पेट्रोल पटकन उडते, पण मागे पिवळसर-तपकिरी डाग ठेवते. जिथे टिश्यूला असा डाग लागतो तिथे गळती आहे, जागा आत्ता कोरडी दिसत असली तरी. वास फक्त टाकी भरल्यावर येत असेल तर नळ्या सोडा, टाकीचा माथा आणि भरण्याच्या तोंडाची रबरी नळी पाहा. एमजीबीची टाकी खालून नव्हे, वरून गंजते. तिचा माथा आणि डिकीचा तळ यांच्यामध्ये ओल धरून राहते आणि वर्षानुवर्षे सुकत नाही.

मग कान. गॅरेजचे दार उघडे ठेवा, इंजिन सुरू न करता चावी ऑन करा आणि गाडीच्या मागे उभे राहा. सुरुवातीला टिक-टिक-टिक जलद येते, कारण फ्लोट चेंबर भरत असतात. ते भरले की त्यांच्या तोंडावरचे नीडल व्हॉल्व्ह (पेट्रोल अडवणाऱ्या सुईसारख्या झडपा) बंद होतात, पंपाला ढकलायला जागा उरत नाही, आणि टिकटिक मंदावून थांबते. आता घड्याळ लावा. अर्ध्या मिनिटात एखादी टिक आली तर मी चिंता करत नाही. दर दोन-तीन सेकंदांनी येत असेल तर पेट्रोल कुठेतरी जाते आहे: बाहेर गळते आहे, फ्लोट चेंबरमधून ओव्हरफ्लो होते आहे, किंवा पंपाच्या आतल्या झडपेतून उलटे टाकीकडे परतते आहे. टाकीत पेट्रोल असूनही टिकटिक थांबतच नसेल, घाईघाईने कडकड वाजत राहत असेल, तर पंप हवा ओढतो आहे. आणि आवाजच नसेल तर दोष विजेचा असण्याची शक्यता मोठी. पंपाच्या अर्थिंगपासून सुरुवात करा.

ही टिकटिक मी सगळ्यांना पहिल्या दिवशी ऐकायला लावतो. लेस्टरच्या मित्राचा एकदा रात्री फोन आला, "दादा, वास येतोय पण काही दिसत नाही." मी म्हटले, फोन मागच्या चाकापाशी धर आणि चावी फिरव. फोनवरच ऐकू आले, टिक, दोन सेकंद, टिक, दोन सेकंद. त्याची पुढच्या कार्बोरेटरची नळी क्लिपखाली फाटलेली होती, आणि पेट्रोल पत्र्यावर पडून उडून जात होते. तो आठवडाभर त्याच गाडीने मुलीला शाळेत सोडत होता. हे लिहिताना आजही पोटात गोळा येतो.

टाकीचे झाकण हीही फुकटचीच तपासणी. सुरुवातीच्या गाड्यांत हवा झाकणातूनच आत जाते. ते भोक बुजले किंवा कोणी चुकीचे बंद झाकण बसवले की टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला ओढवत नाही. गाडीने दम सोडला की झाकण उघडा. 'सुस्स' आवाज आला आणि गाडी सुधारली, तर नळ्यांना दोष देऊ नका.

आता हात. प्रत्येक रबरी नळी दोन बोटांत धरून वाकवा. चांगली नळी वाकते आणि परत येते. वाकवताना बाहेरच्या बाजूला केसासारख्या रेषा उघडल्या, किंवा नळी लाकडासारखी ताठ लागली, किंवा उलट पिकल्या केळ्यासारखी मऊ झाली असेल, तर ती गेली. सुती विणीचे वेष्टन असलेल्या जुन्या नळ्या जास्त फसवतात, कारण भेग विणीखाली लपते. तिथे वेष्टन ओलसर-चिकट लागते का, एवढेच कळते. क्लिपच्या लगतचा अर्धा इंच नीट पाहा. फाटते ती तिथेच.

फ्लोट चेंबरवरून खाली जाणाऱ्या ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल येत असेल तर नळ्या निर्दोष असू शकतात. नीडल व्हॉल्व्हमध्ये कण अडकला की तो बंद होत नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने चेंबरच्या झाकणावर हलकेच टकटक करा. बऱ्याचदा कण सुटतो. पण कण आला कुठून हे पाहिल्याशिवाय थांबू नका. काळा आणि बोटाने चुरडला जाणारा असेल तर तो रबरी नळीच्या आतल्या अस्तराचा आहे. तपकिरी आणि खरखरीत असेल तर टाकीचा गंज.

हवा येते आहे याचा पुरावा

इथून पुढे पेट्रोल उघडे पडणार, म्हणून आधी तयारी. गाडी शक्यतो बाहेर, मोकळ्यावर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते. त्यामुळे खड्ड्यात उतरून हे काम कधीही करायचे नाही, आणि बॉयलर किंवा हीटर असलेल्या बंद गॅरेजातही नाही. दिवा बॅटरीवरचा एलईडी. पावडरचा किंवा फोमचा अग्निशामक हाताशी. पेट्रोल धरायला धातूचा डबा, प्लॅस्टिकची बादली नव्हे. टाकी उपसायची वेळ आली तर ब्रिटनमध्ये प्रशासनाला न कळवता घरी ३० लिटरपर्यंतच पेट्रोल ठेवता येते, आणि बहुतेक एमजीबींच्या टाकीत १२ गॅलन, म्हणजे ५४ लिटर मावते. म्हणून आधी गाडी चालवून टाकी खाली आणा.

कार्बोरेटरकडची नळी सोडा, तिला लांब तुकडा जोडून त्याचे टोक डब्यात घाला आणि सोबतीला चावी ऑन करायला सांगा. मिनिटाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त पेट्रोल यायला हवे. आता नळीचे टोक पेट्रोलखाली बुडवून धरा. पहिले काही बुडबुडे येऊन थांबले तर ठीक. ते येतच राहिले तर हवा ओढीच्या टप्प्यात शिरते आहे. थेंब न पडणाऱ्या भेगेचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. पेट्रोल कमी पण बुडबुडे नाहीत, असे असेल तर कुठेतरी तुंबले आहे: फिल्टर, टाकीतली जाळी, किंवा आतून सोललेली नळी.

आतून सोललेली नळी म्हणजे काय ते मी जपून ठेवले आहे. मोटरवेवर दम सोडणाऱ्या एका गाडीची पंपाजवळची नळी मी उभी चिरली. बाहेरून काळी, गुळगुळीत, नव्यासारखी. आत अस्तराचा एक पापुद्रा एका कडेने सुटून जिभेसारखा लोंबत होता. हळू चालवताना तो कडेला पडून राहायचा. वेगात ओढ वाढली की उचलला जाऊन भोक बंद करायचा. गाडी थांबवली की परत खाली. मालकाने दोन महिन्यांत दोन पंप बदलले होते.

रबरी नळ्या बदलणे

एकच खराब निघाली तरी मी सगळ्या बदलतो. त्या एकाच वयाच्या, एकच पेट्रोल प्यायलेल्या असतात, आणि पूर्ण गाडीला मिळून रबर लागते एखादा मीटर.

कोणती घ्यायची, यात कंजुषी नको. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून साधे ९५ ऑक्टेनचे पेट्रोल ई१० झाले, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुन्या नायट्राइल रबराला ते मानवत नाही: रबर फुगते, आणि हिवाळाभर गाडी उभी राहून सुकली की ताठ होऊन भेगाळते. शिवाय इथेनॉल पाणी शोषते, त्यामुळे टाकी आतूनही गंजू लागते. सुपर दर्जाचे पेट्रोल अजून ई५ आहे, मी तेच भरतो. नळीवर 'एसएई जे३० आर९' (SAE J30 R9, नळीच्या दर्जाचे मानक) छापलेले पाहा. आर९ म्हणजे आतून फ्लुओरो-रबराचे अस्तर. आर६ किंवा आर७ कार्बोरेटरच्या दाबाला पुरते, पण इथेनॉलपुढे तिचा भरवसा मी धरत नाही. भारतात ई२० पेट्रोलवर जुनी गाडी चालवणाऱ्यांनी तर हे दुप्पट काळजीने पाहावे. पाव इंच आणि पाच-सोळांश इंच ही मापे मिळतात. आपल्या गाडीत रबरी नळी ज्यावर चढते त्या धातूच्या नळकांड्यावर कॅलिपर लावून मगच घ्या, कारण मोठी नळी क्लिपने आवळून बसवली की ती घडी पडून गळते. स्टीलच्या जाळीची नळी दिसते देखणी, पण मी लावत नाही. भेग गेली तर जाळीआड कळणार नाही.

क्लिपा बदला. खाचा असलेल्या पट्टीच्या क्लिपा रबरात दात रुतवतात आणि लहान नळीवर गोल बसत नाहीत. गुळगुळीत कडांच्या, बोल्टने आवळायच्या क्लिपा घ्या.

कामाआधी बॅटरी सोडा. १९७४पर्यंतच्या गाड्यांत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटमागच्या झाकणाखाली असतात. अर्थची तार आधी, आणि १९६७पर्यंतच्या गाड्यांत अर्थ पॉझिटिव्ह असते. म्हणून रंगावर जाऊ नका, जी तार बॉडीला जाते ती सोडा. गाडी उचलायची तर स्टँडवर. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणी जायचे नाही.

जुनी नळी ओढून काढू नका. कार्बोरेटरच्या झाकणाचे नळकांडे ओढताना वाकते. सुरीने नळी लांबीच्या दिशेने चिरा, पण पाते धातूपर्यंत नेऊ नका. नळकांड्यावर उभा चरा पडला की नवी नळीही तिथून झिरपते. नवी नळी काटकोनात कापा, फुंकून साफ करा, पुरेशी आत सरकवा आणि क्लिप नळकांड्याच्या उंचवट्याच्या मागे बसवा, टोकाच्या काठावर नको. रबर क्लिपच्या दोन्ही बाजूंनी फुगून येईपर्यंत आवळू नका. नळी एक्झॉस्टपासून लांब आणि घडी न पडता वळलेली हवी. शेवटी मी नळीवर पांढऱ्या पेनाने महिना आणि वर्ष लिहितो, कारण एकदा नवी म्हणून आणलेली नळी दोनच वर्षांत भेगाळली आणि ती कधी बसवली ते मला आठवेना.

धातूची नळी, आणि थांबायचे कुठे

पोटाखालची नळी क्लॅम्पच्या आत गंजते, कारण तिथे माती धरते. क्लॅम्प सोडून त्याखाली पाहा. ४० वर्षांवरच्या, मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना मे २०१८पासून एमओटीची, म्हणजे ब्रिटनमधल्या वार्षिक वाहन तपासणीची, सक्ती नाही. म्हणजे कोणी दुसरा वर्षातून एकदा खाली वाकून पाहील, ही सोयही गेली. गंजलेल्या भागात रबरी तुकडा घालून काम भागवू नका. संपूर्ण नळी बदला, आणि तीही कप्रो-निकेलची, म्हणजे तांबे-निकेलच्या मिश्रधातूची. ती हाताने वळते आणि गंजत नाही. रबर चढणाऱ्या टोकाला उंचवटा काढायचे हत्यार नसेल किंवा ते कधी वापरले नसेल, तर हे काम गॅरेजला द्या. शेजारून ब्रेकची नळी जाते, तिचा नट गंजून नळीसकट फिरत असेल तर तिथेच हात थांबवा. पेट्रोलचे काम करताना ब्रेक बिघडवणे परवडणारे नाही.

टाकी गळत असेल तर घरी काहीही करू नका. डिंक, इपॉक्सी, आत ओतायचे लेप यांनी महिना-दोन महिने वास जातो आणि मग लेपाचे पापुद्रे पंपात येतात. रिकाम्या टाकीला वेल्डिंग तर नाहीच नाही. पेट्रोल संपले तरी वाफ उरते, आणि ती स्फोटाला पुरते. नवी टाकी मिळते, तीच बसवून घ्या. या सगळ्या तपासण्या करूनही गाडीच्या आत वास येत राहिला आणि जागा सापडली नाही, तर गाडी चालवत न नेता ट्रकवर चढवून जुन्या गाड्यांच्या मेकॅनिककडे पाठवा.

नळ्या बसवून झाल्या की इंजिन लगेच सुरू करू नका. बॅटरी जोडा, चावी ऑन करा, टिकटिक जलद होऊन थांबू द्या. पाच मिनिटे तशीच ठेवा आणि कोरडा टिश्यू घेऊन प्रत्येक जोड पुन्हा पुसा. मग सुरू करा, गरम होऊ द्या, बंद करून थंड झाल्यावर परत पुसा. पहिल्या १०० मैलांनंतर क्लिपा एकदा तपासा. रबर बसते आणि त्या थोड्या सैल होतात. त्यानंतर दर महिन्याला, निघण्याआधी, चावी ऑन करून अर्धा मिनिट गाडीच्या मागे उभे राहा.